सोमवारच्या गोळ्या

प्रतिकारशक्ती हा शब्द कुणी काढला, की पाववाल्या काकूंचं डोकं फिरायचं. आणि लोक तरी असे, की पाव घ्यायला यायचे आणि जाताना हाच शब्द काउंटरवर ठेवून जायचे. काकूंची सुजलेली बोटं सगळ्यांना दिसायचीच. सुटे देताना नाणं हातातून निसटायचं, पिशवीला गाठ मारता यायची नाही. मग सल्ले सुरू. अमुक पाला उकळून प्या, तमुक चूर्ण दुधातून घ्या, तुमची प्रतिकारशक्ती कमी झालीये काकू, ती वाढवा. जशी काही ती कोपऱ्यावर किलोच्या भावाने मिळते!

कमी नाही हो, जास्त झालीये, असं काकू सुरुवातीला समजावून सांगायच्या. त्यावर लोक हसायचे. जास्त असेल तर चांगलंच की, नशीबवान आहात, असं वर ऐकवायचे. एका रिटायर्ड मास्तरांनी तर थोडी आम्हालाही द्या म्हणून विनोद केला आणि स्वतःच त्यावर पोट धरून हसले. आता अशा माणसांपुढे कुणी काय कपाळ फोडावं, तुम्हीच सांगा.

बेकरी काकूंच्या सासऱ्यांची. पुढे दुकान, मागे भट्टी, वर राहायच्या दोन खोल्या. कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली होती. पीठ, पाणी, यीस्ट आणि भट्टी काकांकडे. गोळे तोडणं, वळणं, ट्रे लावणं काकूंकडे. काकांनी वजनकाटा कधी वापरला नाही. यीस्टचा डबा उघडायचा, दाराबाहेर डोकं काढून हवा बघायची आणि चिमटीने टाकायचं. उन्हाळ्यात पीठ झपाट्याने फुगतं म्हणून यीस्ट कमी, थंडीत जास्त. इतक्या वर्षांत एक घाणा बिघडला नव्हता. त्यामुळे अंदाज हा काकांचा मोठा अभिमान होता, आणि काकूंनाही नवऱ्याच्या त्या चिमटीचं कौतुक होतं हे कबूल करायला हवं.

काकूंचं स्वतःचं काम म्हणजे वेणीचा पाव. पिठाच्या लांब वळ्या करून त्या केसांसारख्या गुंफायच्या, टोकं खाली दडपायची, वरून दूध लावून भाजायचं. ऐकायला सोपं आहे. पण पेड घट्ट ओढला तर पाव फुगताना फाटतो आणि सैल सोडला तर भट्टीत पसरून त्याचं थालीपीठ होतं. काकूंच्या बोटांना ते बरोबर कळायचं. लांबलांबून लोक वेणी न्यायला यायचे. काकूंना शाळा फारशी झाली नव्हती, गाणं येत नव्हतं, दिसायलाही त्या चारचौघींसारख्याच. पण वेणी होती, आणि ती सगळ्या गावात फक्त त्यांच्या हातची होती.

दुखणं आलं ते नेमकं त्या हातांवर. पहाटे उठावं तर मुठी मिटत नाहीत, बोटं लाकडासारखी ताठ. दुपार झाली की जरा सैल पडायची. आता बेकरीचं सगळं काम पहाटेचं! दुखण्याने मुहूर्तसुद्धा छळायला काढल्यासारखा निवडला होता. काकू उठल्या उठल्या गरम पाण्यात हात बुडवून बसायच्या आणि खालून काका पीठ तयार आहे म्हणून हाका मारायचे. वर्षभर मलमं झाली, शेक झाले, नणंदेने आणलेलं तेल झालं. नणंद पलीकडच्याच गल्लीत राहायची आणि रोज एक चक्कर टाकायची. वन्सं मनाच्या वाईट नाहीत, पण तोंडाला कुलूप नाही, असं काकू म्हणायच्या.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि काका-काकूंना समोर बसवून नीट समजावून सांगितलं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरचा जंतू आत शिरला की तो आपला नाही हे ओळखायचं, त्याला मारायचं आणि त्याची ओळख लक्षात ठेवायची, हे त्यांचं काम. म्हणून काही आजार एकदा झाले की सहसा परत होत नाहीत. सर्दी मात्र शेकडो प्रकारच्या जंतूंची, एकाची ओळख पटते तोवर दुसरा हजर. ताप येतो, सूज येते, ती बऱ्याचदा या पेशींच्या लढाईचीच असते. काकूंच्या शरीरात ही ओळखच चुकली होती. पेशी त्यांच्याच सांध्यांना परकं समजून कुरतडत होत्या. म्हणजे शक्ती कमी नव्हती, ती आपल्याच घरात दांडगाई करत होती. ती जरा आवरायची म्हणून गोळ्या. पिवळ्या, लहानशा, सहा, त्याही आठवड्यातून एकदाच. एकही जास्त नाही आणि एकही कमी नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं. सांध्याचं हाड एकदा झिजलं की परत येत नाही, हेही सांगितलं.

बेकरीला सुट्टी सोमवारी, म्हणून गोळ्यांचा वारही सोमवार. काकूंना पाकिटातून गोळी दाबून काढता यायची नाही, अंगठ्यात तेवढा जोरच नव्हता. मग काका काढायचे आणि वाटीत घालून पाण्याच्या भांड्याबरोबर आणून द्यायचे. गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी मळमळायचं, अन्नावरची वासना जायची. पण तीनेक महिन्यांत बोटं सुटली. काकू मूठ मिटून सगळ्यांना दाखवत सुटल्या, अगदी दूधवाल्यालाही. वेणी परत दुकानात लागली. वाटी आणून द्यायची काकांची सवय मात्र तशीच राहिली. चाललंय ते बरं चाललंय म्हणून काकूंनीही ती मोडली नाही.

मग फ्लूची साथ आली. दुकान म्हणजे येणारा जाणारा तिथेच खोकणार. काकूंना ताप भरला, आणि इतरांचा खोकला आठवड्यात गेला तरी त्यांचा महिनाभर हटला नाही. वन्सं उशाशी बसून भावाला ऐकवत होत्या की गोळ्यांनीच वहिनीची ही दशा केलीये, शक्ती मारायची औषधं कुणी साथीत घेतं का, उद्या न्यूमोनिया झाला तर काय कराल. काका ऐकत होते. काकूंनी खोकत खोकतच सांगितलं की डॉक्टर व्हाल तेव्हा मला बोलवा पेढे खायला. वन्सं रुसून गेल्या आणि विषय तिथेच संपला, असं काकूंना वाटलं.

खोकला गेला. गंमत म्हणजे मंगळवारची मळमळही गेली. गोळ्या अंगवळणी पडल्या म्हणून काकू खूश. पण पुढच्या दोन महिन्यांत बोटं पुन्हा सुजायला लागली, आधी पहाटे, मग दिवसभर. वेणीचा एक पेड घट्ट, एक सैल, भट्टीतून पाव निघायचा तो तोंड वाकडं केल्यासारखा. काकू चिडायच्या, तो पाव बाजूला फेकायच्या, दुसरा करायच्या, तोही तसाच. काका म्हणायचे, चव तीच आहे, लोक घेतील. त्यावर काकूंचं जे तोंड सुटायचं ते शेजारच्या इस्त्रीवाल्यापर्यंत ऐकू जायचं.

हे जवळजवळ वर्षभर चाललं. दवाखान्यात दर खेपेला डॉक्टरीणबाई विचारायच्या, गोळ्या चुकत नाहीत ना. काकू छातीवर हात ठेवून सांगायच्या की एक सोमवार चुकलेला नाही. शेजारी बसलेले काका भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत राहायचे. शेवटी हातांचा एक्स-रे काढला. उजव्या हाताच्या दोन बोटांची हाडं सांध्यापाशी झिजली होती. बाई म्हणाल्या की हे औषध तुम्हाला लागू पडत नाही असं दिसतंय, ते बंद करून पुढच्या आठवड्यापासून इंजेक्शन सुरू करू. काकू घरी आल्या त्या धुमसतच. आधी एवढी मळमळ सोसली, सोमवारचा नेम पाळला, आणि आपलं शरीर औषधालाही दाद देत नाही म्हणजे काय? राग काढायला समोर कुणी नव्हतं, म्हणून तो त्यांनी भांड्यांवर काढला.

दोन दिवसांनी पावावर चीर पाडायचं ब्लेड तुटलं. काका पोती आणायला गेले होते. काकू नवं ब्लेड शोधायला लागल्या. भट्टीवरच्या फळीवर यीस्टचा एक जुना रिकामा डबा होता, त्यात काका खिळे, सुतळी, किल्ल्या असलं काहीबाही टाकायचे. या घरात काही फेकायची पद्धतच नव्हती. काकूंनी दोन्ही तळव्यांत धरून झाकण उघडलं आणि डबा ओट्यावर उपडा केला. ब्लेड निघालं. सुतळी निघाली. आणि एका कागदाच्या पुडीतून पिवळ्या गोळ्या घरंगळल्या, मूठभर.

काका परत आले तेव्हा काकू तशाच ओट्यापाशी उभ्या होत्या.

"या कुणाच्या?"

काकांनी पोतं खाली ठेवलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"तुझ्याच. साथीत तू किती खोकत होतीस. शक्ती फारच उतरली असेल असं वाटलं. म्हणून दोन कमी केल्या. मग मळमळही थांबली, तू चार घास जेवायला लागलीस. उन्हाळ्यात आपण यीस्ट कमी करतो ना, तसं. हवा बघून."

"हवा बघून?"

"मला वाटलं, मला अंदाज येतो."

काकूंनी आपला उजवा हात त्यांच्यासमोर धरला. दोन बोटं कडेला कलली होती.

"मी काय पीठ आहे? पीठ बिघडलं तर टाकून दुसरं मळता येतं. ही बोटं कुठून आणू मी? आणि मी तिथे छातीवर हात ठेवून सांगत होते, आणि तुम्ही शेजारी बसून भिंत बघत होता!"

काका म्हणाले की तुला काही झालं असतं म्हणजे, या भीतीने केलं. काकू म्हणाल्या, झालंच ना. आणि वर निघून गेल्या. त्या दिवशी वेणीच काय, साधा पावही लागला नाही. दुकान का बंद आहे म्हणून वन्सं चौकशीला आल्या, काकूंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

राग असा, की त्याला नीट बाहेरही पडता येईना. दारू पिऊन मारणारा नवरा असता तर चार माणसांत शिव्या तरी घालता आल्या असत्या. हा माणूस वर्षभर न विसरता वाटी आणून देत होता, पाणी आणून देत होता, समोर उभं राहून गोळ्या गिळलेल्या बघत होता. काळजीपोटी केलं हे काकूंना कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त संताप येत होता. आणि आपण एकदाही वाटीत डोकावून का नाही मोजल्या, याचाही.

पुढच्या आठवड्यात काकूंनी तो डबा पिशवीत घातला आणि काकांना सोबत घेऊन दवाखाना गाठला. टेबलावर पुडी सोडली आणि आता तुम्हीच सांगा म्हणून नवऱ्याकडे बोट केलं. काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. बरं झालं आणलंत, म्हणाल्या, नाहीतर लागू पडणारं औषध मी बंद केलं असतं. इंजेक्शन रद्द झालं, पुन्हा सहा गोळ्या सुरू झाल्या. मग त्या काकांना म्हणाल्या की साथीची भीती वाटत होती तर मला विचारायचं होतंत, फ्लूची लस मिळते, ती दिली असती. एवढं साधं होतं ते. काकूंनी डोळे मिटून घेतले.

आता काकू पाकीट स्वतःजवळ ठेवतात. त्या दोन बोटांमुळे पाकीट नीट धरून दाबता येत नाही, म्हणून गोळी काढायला काकाच लागतात. पण त्या तळहात पुढे धरतात, काका एकेक गोळी ठेवत मोठ्याने मोजतात, आणि काकू पुन्हा मोजायला लावतात. सूज उतरली. पहाटेचा ताठरपणाही गेला. उरलेली बोटं चांगली चालतात.

परवा एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या, बऱ्याच दिवसांनी. वेणी आहे का, म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, वेणी बंद केली. का हो, हात दुखतात का, असं बाईंनी कळवळून विचारलं.

"दुखत नाहीत आता. वळत नाहीत."

बाईंनी च्च् केलं आणि मग नेहमीप्रमाणे सुरू झाल्या. प्रतिकारशक्ती कमी झाली की असं होतं, माझ्या जावेने एक चूर्ण घेतलं, तुम्ही पण घ्या. काकूंनी सवयीने तोंड उघडलं. पण त्याआधी पडदा सरकवून काका बाहेर आले, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. ते बाईंना सांगायला लागले. शक्ती कमी नाही, तिची ओळख चुकलीये. पेशी आपल्याच सांध्यांवर चालून जातात. गोळ्या तिला आवरायला आहेत, आणि त्यातली एकही आपल्या मनाने कमी करायची नसते. झिजलेलं हाड परत येत नाही. काका कधी एवढं बोलत नाहीत. पण आज त्यांचा एक शब्द चुकला नाही.

काकू ऐकत राहिल्या. सगळं बरोबर होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं अगदी तसं. बाईंनी पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशीही हा माणूस शेजारच्या खुर्चीवरच बसला होता. तेव्हाच ऐकलं असतं तर! त्यांनी काउंटरखालून एक साधा पाव घेतला, कागदात गुंडाळला आणि दोरी बांधायला काकांच्या हातात दिला.