स्वेच्छेने बाहेर

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर सांधेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती आणि तिचे सगळे कागद मोतीबाईंच्या हातचे होते. त्यांचं खरं नाव वेगळं, पण मोत्यासारख्या अक्षरामुळे हेच चिकटलं. तपासायचं डॉक्टरांनी, लिहायचं बाईंनी. कागदावर पेशंटचं नाव नसे, नुसता नंबर. पक्षपात होऊ नये म्हणून म्हणे! आणि पक्षपाताची एवढी धास्ती असलेल्या त्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ गोळीच्या कंपनीचं, पेनं कंपनीची, आणि डॉक्टरसाहेब स्वतः कंपनीच्या सल्लागार मंडळावर. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. बाई दोन वर्षं त्या घड्याळाकडे बघत होत्या, पण सुटायची वेळ झाली का एवढ्यापुरतंच.

दोन तपासण्या चुकवणाऱ्यांचं काय करायचं, ते साहेबांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. "येत नाहीत म्हणजे त्यांची इच्छा नाही. लिहा, स्वेच्छेने बाहेर." का येत नाहीत, याला कागदावर रकानाच नव्हता. आणि बाहेर गेलेलीला काय त्रास झाला, तो गोळीच्या नावावर लागत नसे. अशा अकरा जणींना बाईंनी सुबक अक्षरात बाहेर काढलं होतं.

त्यांची थोरली बहीणही याच चाचणीत होती. "अगं ताई, एवढा मोठा डॉक्टर फुकटात मिळतोय," म्हणत बाईंनीच तिला घातलं होतं. दोन महिन्यांपूर्वी ताई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली आणि खुबा मोडून बसली. सगळ्यांनी वयावर ढकललं, बाईंनीसुद्धा. रविवारी ताईच्या उशाशी औषधं लावून ठेवताना चाचणीचं कार्ड हाती आलं. नंबर सत्तेचाळीस. गुरुवारी दुपारी, चहा गार व्हायच्या आत, बाईंनी सत्तेचाळीस नंबरला बाहेर काढलं होतं. घरी ती ताई होती आणि कागदावर सत्तेचाळीस; दोन्ही एकच, हे डोक्यात आलंच नव्हतं.

"ताई, गोळी नको असं तू म्हणाली होतीस का गं?"

"मला विचारलं कुणी?" ताई म्हणाली. "आणि या खाटेवरून तपासणीला जाऊ तरी कशी?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुंपणच शेत खात होतं, आणि त्या कुंपणाला रंग देत होत्या त्या स्वतः. सोमवारी त्यांनी कुठला नंबर कुणाचा ते लिहिलेली वही काढली आणि उरलेल्या दहा जणींच्या घरी फोन लावले. नऊ घरांतून एकच उत्तर आलं: चक्कर. एकीची सून म्हणाली, "पडल्यापासून सासूबाई कुणाला ओळखत नाहीत. इतके दिवस कुठे होतात तुम्ही?" दहावीने मात्र खरंच कंटाळून सोडलं होतं. तिचा कागद बाईंनी तसाच ठेवला.

चुकलेलं दुरुस्त करायची त्या कामात एक रीत होती. खोडायचं नाही, पुसायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, आजची तारीख टाकायची, सही करायची. बाईंनी दहा रेघा मारल्या. दहा वेळा लिहिलं, 'चक्कर'.

कागद न्यायला आलेल्या साहेबांचा चेहरा पडला. "हे काय करून ठेवलंत? नवे कागद घ्या, पहिल्यासारखं लिहून काढा."

"नवं लिहायचं नाही, रेघ मारायची. तुम्हीच शिकवलंत. प्रती सकाळीच चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या दवाखान्याच्या समितीकडे दिल्यात, आणि एकेक त्या घरांत."

"दोन वर्षं खोटं कुणी लिहिलं, असं विचारतील तेव्हा? अक्षर तुमचं आहे, बाई. तुमच्याबरोबर मी लिहायला बसलो नव्हतो."

"अक्षर माझंच. लाज वाटते, ती त्याचीच." बाईंनी कंपनीचं पेन टेबलावर ठेवलं. "काढा मला बाहेर. फक्त 'स्वेच्छेने' लिहू नका."