आईचे फोटो पुसले त्याबद्दल

माझ्या आईचे फोटो माझ्या चुलत्यांनी पुसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

आई गेली तेव्हा मी शिरूरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. आईचे सगळे फोटो वडिलांच्या फोनमध्ये होते. कांद्याच्या चाळीपुढे बसलेली, शेळीला रागावणारी, आणि एका व्हिडिओत "बंद करा ते, अवतार बघा माझा" म्हणणारी. तिचा आवाज तेवढ्या एका ठिकाणीच उरला होता. पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तात्या, म्हणजे माझे चुलते, उभे होते. प्रचाराच्या व्हिडिओंनी त्यांचा फोन भरला, म्हणून त्यांनी वडिलांचा फोन मागून नेला. निकाल लागल्यावर तो परत आला, तर आत फक्त तात्या होते. तात्या हात जोडताना, तात्या नारळ फोडताना, तात्या ट्रॅक्टरवर.

"वैनीचं फोटू व्हतं व्हय त्यात? मला वाटलं जुना कचरा हाय," तात्या म्हणाले. "आन् हल्ली सगळं इंटरनेटवर ऱ्हातं म्हणं. काढ की तिथनं. शिकतीस ना?"

मी प्रयत्न केला. बॅकअप होताही. पण वडिलांचं खातं फोन विकताना मोबाइलवाल्यानेच उघडून दिलं होतं. आमच्याकडे सगळ्यांचं तसंच असतं. फोन घ्यायचा आणि पासवर्ड दुकानदाराच्या डोक्यात ठेवून घरी यायचं. त्याचं दुकान केव्हाच बंद झालेलं. तो फोनवर म्हणाला, "ताई, किती जणांचं ध्यानात ठिवू?"

वर्षश्राद्धाला चौकात फ्लेक्स लागला. आईचा फोटो आधार कार्डावरून घेतलेला, काळपट, घाबरल्यासारखा. शेजारी तिच्याहून मोठे तात्या, हात जोडून, खाली 'शोकाकुल'. त्या फ्लेक्ससमोर उभी असतानाच मी ठरवलं की यांचंही काहीतरी पुसायचं. तोंडावर बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. वडील म्हणाले, "जाऊ दे, भाऊ हाय माझा." मी जाऊ दिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तात्या नवा फोन घेऊन आमच्या ओट्यावर आले. "ह्या फोनातलं सगळं ह्या फोनात घाल. आपली शिकल्याली पोरगी असताना दुकानात कशाला जायचं?"

मी जुना फोन आत नेला आणि लॅपटॉपला जोडून आधी सगळं माझ्या हार्डडिस्कवर उतरवून घेतलं. त्यांना सांगितलं नाही. उतरवलेलं चाळताना कुणाच्या तरी हळदीच्या व्हिडिओत मागच्या बाजूला आई दिसली. पंगतीत वाढत होती. क्षणभर कॅमेऱ्याकडे बघून हसली. आवाज सगळा डीजेचा. तात्यांनी तिला जपून ठेवलं नव्हतं, ती पुसायची राहिली होती. तेवढी एक फ्रेम मी वेगळी काढली.

मग मी बाहेर येऊन म्हणाले, "तात्या, सगळं मावत न्हाई. काय ठेवायचं ते तुम्हीच सांगा. बाकीचं जाईल."

हे खोटं होतं. नव्या फोनमध्ये हवं तेवढं मावलं असतं.

सुरुवातीला तात्या मजेत होते. "हे सुप्रभातवालं समदं उडव. ह्यो कोण? समोरच्या पार्टीचा. ह्याला आधी उडव!" मग नातवाचं बारसं आलं आणि त्यामागे गुलालाची मिरवणूक.

"दोन्ही ठिव की."

"मावत न्हाई."

"मंग मिरवणूक ठिव. बारशाचं सुनंकडं असत्याल."

"त्यांनी तुमच्याच फोनवर काढले होते, तात्या."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. पुढे आजीचे शेवटच्या आजारपणातले फोटो आले. "ही माझी आई हाय गं."

"आन् ती माझी व्हती," मी म्हणाले. त्यांना उलटून बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

"मिरवणूक जाऊ दे," तात्या हळूच म्हणाले.

मी मिरवणूक घालवली. मग बारसं घालवलं. मग आजीलाही. 'मला वाटलं कचरा हाय' हे शब्द ओठावर आले होते, पण मी म्हणाले एवढंच, "गेलं, तात्या. सगळंच गेलं."

ते दोन्ही रिकामे फोन हातात धरून घरी गेले. आता भेटले की विचारतात, "पोरी, निघतंय का काय बघ ना." मी म्हणते, "बघते."

आईची फ्रेम वडिलांना दाखवली. "हसतीय," म्हणाले आणि फोन कितीतरी वेळ सोडला नाही. मग मी काय केलंय तेही सांगितलं. "त्याचं दिऊन टाक आता," ते म्हणाले. मी देईन म्हणाले. कधी, ते मी ठरवलेलं नाही.

ती फ्रेम आता माझ्या फोनमध्ये आहे, हार्डडिस्कवर आहे आणि दौंडच्या मावशीकडे पेनड्राइव्हमध्येही. इंटरनेटवर ठेवली आहे त्या खात्याचा पासवर्ड मला पाठ आहे. एकाच ठिकाणी ठेवलेला फोटो कधी जाईल याचा भरवसा नाही, हे मी शिकले आहे. तात्यांचं सगळं मात्र एकट्या त्या हार्डडिस्कवर आहे. ती जुनी झाली आहे, लावली की कधीकधी आतून टकटक आवाज येतो. त्यांच्या फोटोंची दुसरी प्रत मी अजून केलेली नाही.