चालतंय आणि चालेल

माझी बायको हीटिंग मेकॅनिक आहे. हे सांगितलं की आइंडहोव्हनमधले आपले लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे मॅनेज करते ना?" नाही. पाना घेऊन करते. पुण्याची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, माझ्या व्हिसावर इथे आली, चिप कंपन्यांत मुलाखती दिल्या, आणि एक दिवस म्हणाली, "स्क्रीनकडे बघून बघून डोकं उठतं माझं. मी हाताचं काम शिकते." डच शिकली, कोर्स केला, गॅसच्या कामाला लागणारं सर्टिफिकेट मिळवलं. आता शेजारच्या न्यूनेन गावाच्या आसपास लोकांच्या पोटमाळ्यांवर घर गरम ठेवणारे गॅसचे बॉयलर बसवते. ऑफिसात मी माझ्या कामापेक्षा तिच्याच कामाबद्दल जास्त बोलतो आणि लोक कंटाळले तरी थांबत नाही.

सासऱ्यांना मात्र हे पचलं नव्हतं. "इंजिनिअर मुलगी, आणि लोकांचे पाइप जोडते," एवढं बोलून ते विषय बदलायचे. सासूबाई गुडघ्यांमुळे पुण्यातच थांबल्या होत्या, म्हणून त्या हिवाळ्यात ते एकटेच आमच्याकडे राहायला आले. दारातल्या तिच्या कामाच्या व्हॅनकडे त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. नेमकं तेव्हाच आमच्या जुन्या बॉयलरनं मान टाकली. मी वैतागलो, ही खूश! मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबांनी एकदा माझं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावं. मग काय म्हणायचं ते म्हणू देत."

तिच्या कंपनीनं कामाची रीतसर नोंद केली आणि शनिवारी सकाळी पोटमाळ्यावर काम सुरू झालं. सासरे शाल गुंडाळून खुर्चीत, मी हमाल. काम करताना ती गुणगुणते, आणि हाताखालच्या माणसाला फाडून खाते. जुना बॉयलर उतरला, नवा भिंतीवर चढला. गॅसच्या पाइपमध्ये हवेचा दाब भरून ती मीटरसमोर मांडी घालून बसली. काटा जागचा हलत नाही हे पटल्याशिवाय उठली नाही. मग पुन्हा प्रत्येक जोडावर साबणाचा फेस मारून बुडबुडे येतात का ते पाहिलं. सासरे हळूहळू खुर्ची पुढे सरकवत होते. ते आम्हा दोघांनाही दिसलं, पण आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुपारी बॉयलर सुरू झाला. सासरे खाली जाऊन रेडिएटरला हात लावून आले आणि म्हणाले, "वा!" तिच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. ती लहान मुलीसारखी लाजली.

आता फक्त एक तपासणी उरली होती. छताबाहेर जाणारा पाइप दुहेरी असतो. आतल्या नळीतून धूर बाहेर जातो आणि तिच्या भोवतालच्या पोकळीतून ताजी हवा आत येते. तिनं त्या हवेच्या बाजूला धूर मोजणाऱ्या मीटरची नळी घातली. आकडा बघितला. पुन्हा बघितला. गुणगुणणं थांबलं. मग हात लांब करून तिनं बॉयलर बंद केला.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"आत येणाऱ्या हवेत धूर मिसळतोय. आतला जोड गळतोय." तिनं पाइप उतरवला. जोडातली रबरी रिंग दुमडून चिरली होती. "माझ्याच हातून दुमडली," ती म्हणाली. त्या मापाची रिंग व्हॅनमध्ये नव्हती आणि दुकान उघडणार सोमवारी.

"अगं, पण मस्त चालतंय की! सोमवारी बदल," सासरे म्हणाले. मलाही थंडी सोसत नाही, मी लगेच त्यांची री ओढली.

"बाबा, चालतंय म्हणजे चालेल असं नाही. धूर परत आत ओढला गेला की ज्योत गुदमरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. माणूस झोपतो तो झोपतोच."

"एवढ्याशा रबरासाठी!" असं म्हणत सासरे खाली निघून गेले. ती हत्यारांच्या पेटीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजच व्हायचं होतं हे." पण रडता रडताच तिनं गॅसची तोटी बंद करून टाकली. जी शाबासकी मिळावी म्हणून ती दिवसभर राबली होती, ती मिळाल्या मिळाल्या तिनं स्वतःच्या हातानं घालवली होती. इतकी मोठी ती मला आधी कधी वाटली नव्हती.

रविवार शेजाऱ्यांकडून आणलेल्या विजेच्या हीटरसमोर एकाच खोलीत गेला. सासरे कानटोपी घालून खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, रुसलेत.

सोमवारी सकाळी दुकान उघडताच रिंग आली. बॉयलर सुरू झाला, हवा स्वच्छ निघाली. तिनं मीटर सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं.

"आपल्या पुण्याच्या बाथरूममधल्या गॅस गीझरचा धूर कुठे जातो गं?"

"खिडकीतून. उघडी असेल तर. मी मागेच सांगितलं होतं, बाबा."

"हो. सांगितलं होतंस." त्यांनी मीटर खाली ठेवला. "तुझी आई खिडकी लावून घेते. वारा लागतो म्हणते."

त्यांनी तिथेच, पोटमाळ्यावर उभ्या उभ्या, पुण्याला स्पीकरवर फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत उभे. शेवटी सासूबाईंचा आवाज आला आणि सासरे एका दमात म्हणाले,

"गीझर लावू नकोस. आजपासून बंद."

"अहो, आज उशीर झाला, आता कुठे आंघोळीला निघाले होते. काय हे मधेच? कुणी भरवलं डोक्यात?"

"आपल्या मुलीनं," सासरे म्हणाले. "तिचं कामच आहे ते. थांब, तिलाच देतो. ती सांगेल तसं कर."