सुतकातली बायाक्का

वडगावात पॉवरलूमवर साड्या विणणाऱ्या बायाक्काचा त्या रविवारी चर्चमध्ये पाण्यात बुडवून बाप्तिस्मा होणार होता. पण गुरुवारी तिचा चुलत दीर वारला आणि घरात सुतक आलं. सुतकात देवळाची पायरी चढायची नसते, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून ती चर्चबाहेर चपलांजवळच बसून राहिली.

पाळकांची बायको एस्तेर तिला शोधत बाहेर आली. "आक्का, चपला राखायला बसलीस व्हय गं?"

"सुतक हाय. तुमच्या येशूला चालतंय का न्हाय, कुणी सांगितलंच न्हाय मला."

एस्तेर तिथंच पायरीवर टेकली. "याईर म्हणून एक माणूस हुता. त्याची पोरगी मेली. येशू त्या घरात गेला, तिचा हात धरला आणि ती उठून बसली."

"मेलेल्या पोरीचा हात धरला? मग आंघोळ केली का त्यानं?"

"तसं काय लिहिलेलं न्हाय. 'हिला खायला द्या' म्हणाला, एवढंच."

"आधी खायला?" बायाक्काला हसू आलं. मयताच्या घरात असा शिरणारा माणूस आपल्यालाच दारातनं कशाला परत लावील? ती पदर सावरत उठली.

"चल. पण पाणी लई गार न्हाय न्हवं?"