वाटीचा शेवटचा तुकडा

मोहर्लीतल्या आमच्या रिसॉर्टचं डिशवॉशर बिघडलं की चंद्रपूरहून तोच मेकॅनिक येतो. दर वेळी आधी प्लग काढतो, वायर स्वतःच्या गळ्यात अडकवतो आणि मशीनशीच बोलतो. "काय झालं वो माय, पाणी काऊन नाई सोडून राह्यली?"

परवा मशीनच्या तळाशी पाणी तुंबलं होतं आणि ताटं खरकटीच बाहेर येत होती. त्याने पाणी उपसलं, जाळी काढली. खाली पंपात काचा अडकल्या होत्या. मला हायसं वाटलं. तो मात्र ओट्यावर तुकडे जुळवत बसला. काचेची एक वाटी पुरी झाली, फक्त काठाचा नखाएवढा तुकडा नव्हता.

"राहू दे, पाहुणे जेवायला येतील आता," मी वैतागून म्हणालो.

"अन् तो कोणाच्या ताटात गेला असंन तं, भाऊ?"

त्याने उघडा हात पंपात घातला. मी हातमोजे पुढे केले.

"मोज्याले काच समजत नाई."

बराच वेळ तो चाचपडत राहिला. एकाएकी थांबला आणि खुशीत ओरडला, "भेटला!"

हात बाहेर आला तेव्हा तुकडा त्याच्या बोटात रुतलेला होता आणि रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. त्याने तुकडा उपसला, वाटीच्या काठाला नीट बसवला आणि म्हणाला,

"आता वाढा पाव्हण्याइले."