लाल फडक्यातला खडा

तो बार उडाला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. सुरुंगाचा आवाज आम्हाला नवा नव्हता. दुष्काळाचं दुसरं वर्ष, शिवारात रोज कुठं ना कुठं विहीर खोल चाललेली, आणि बार उडवणारा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. पण बाराची वेळ ठरलेली असते. दुपारच्या भाकरीआधी सगळे उडवून मोकळं व्हायचं. हा उडाला जेवणं झाल्यावर, आणि एकटाच. मागोमाग बायकांचा कालवा आला. मी खडू टाकला आणि पळालो.

विहीर चेअरमनची होती. आमच्या पाणीपुरवठा सोसायटीचे ते चेअरमन, शाळाही त्यांच्याच संस्थेची. बी.ए. झालेला बौद्धवाड्यातला पहिला मुलगा म्हणून मला मास्तर त्यांनीच केलं होतं. काठावर पोचलो तेव्हा यारीच्या डब्यातून एका तरण्या गड्याला वर घेत होते. दोरानं वर ओढायच्या त्या डब्यातून दगड काढतात. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. एक हात डब्यात नव्हताच, तो मागून पोत्यात घालून आणला. गडी आमच्याच वाड्यातला, दादाच्या टोळीतला. त्याचा बापही त्याच टोळीत घण मारायचा.

दादा घराकडून पळत आला. हातात अर्धी भाकरी तशीच होती.

चेअरमन मोठ्यानं म्हणाले, "ह्यानंच सांगितलं, सगळे बार उडले, उतरा म्हणून. विचारा ह्याला!"

दादाला विचारायला कुणी थांबलं नाही. पोराच्या बापानं घणाचा दांडा उचलला आणि दादाच्या उजव्या कानशिलावर घातला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. मग जो तो पुढं आला. लाथा, पायताणं, दगड. मी मधे पडलो तर कुणीतरी ओरडलं, "ए, मास्तरला बी हाना, लई शिकलाय!" माझी एक बरगडी त्या दिवशी गेली. दादाच्या कानातून रक्त येत होतं आणि तो फक्त म्हणत होता, "खडा बघा की रं. खडा बघा." मला वाटलं, डोक्याला मार बसला, बरळतोय.

पोलिसांनी घराची झडती घेतली तर फळीखाली तोट्यांची पेटी निघाली. सुरुंगात भरतात ते तोटे. परवाना सोसायटीच्या नावाचा, सोसायटीच्या सार्वजनिक विहिरीसाठी. पेटी चेअरमननं स्वतःच्या विहिरीवर वापरायला आणली होती. पण बायकापोरांच्या घरात सुरुंगाची दारू नको म्हणून ठेवायला दिली दादाकडं. जणू आमच्या घरात बायकापोरं नव्हती.

फौजदार मला म्हणाला, "मास्तर, हे गावातलं डोकंफोडीचं प्रकरण न्हाय. स्फोटकांचा कायदा दिल्लीचा असतो. भाऊ आत जाईल तर बाहेर येताना ओळखू येनार न्हाय."

ओळखू येणार नाही याची सोय ठाण्यातच चालली होती. दुसऱ्या दिवशी वैनी डबा घेऊन गेली, तेव्हा दादा भिंतीला टेकून दोन्ही पाय हवेत धरून बसला होता. तळवे जमिनीला टेकवत नव्हते. त्याला एकच विचारत होते, पेटी कुठून चोरली.

तिसऱ्या दिवशी चेअरमननं मला बोलावून घेतलं. "झालं ते झालं. भाऊ तुझा, पण माणूस आपला. उस्मानाबादचा आपला वकील देतो. तू काय बी काळजी करू नको."

मी गेलो. त्या वकिलाचा ओटा उंच होता. आमचा बाप अशा ओट्यांखाली हात जोडून उभा राहून मेला. मला त्या वकिलानं म्हटलं, "या, बसा मास्तर," आणि खुर्ची दिली. शिपायानं कपबशीतून चहा आणला. सगळ्यांना असते तसली कपबशी, कान तुटलेली नव्हे. वकील माझ्याशी इंग्रजीतून बोलले आणि मी इंग्रजीतून उत्तर दिलं. आज सांगायला लाज वाटते, पण भाऊ कोठडीत होता आणि मला त्या खुर्चीत बरं वाटत होतं.

वकीलपत्राचा छापील कागद घेऊन मी कोठडीवर गेलो आणि दादाचा अंगठा त्यावर मीच उठवून आणला. त्यानं विचारलं, "काय हाय?" त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं, "वकील केलाय, मोठा."

पंधरा दिवसांनी वकिलानं दुसरा कागद दाखवला, इंग्रजी. आरोपीला गुन्हा कबूल आहे, तोटे त्यानं सोसायटीच्या गोदामातून चोरले, बार न मोजता मजूर उतरवला. "कबूल केलं की जज्जसाहेब दया दाखवतात. थोडक्यात सुटेल," वकील म्हणाले. मी कागद नीट वाचला. न कळून फसलो असं म्हणायची सोय मला नाही. मला सगळं कळलं, आणि तरी वाटलं, एवढा मोठा माणूस म्हणतोय तर असंच करत असतील. नक्कल घरी आणली आणि वैनीला वाचून मराठीत अर्थ सांगितला. सांगताना माझा आवाज वर्गात असतो तसा होता.

वैनी चुलीपुढं होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी तुमचा भाऊ चोर, आन त्यानंच पोरगं मारलं. असं तुमी लिवून आनलं?"

"वैनी, कायद्यात असंच…"

तिनं चुलीतलं लाकूड ओढलं आणि माझ्या हातावर हाणलं. पेटतं. दुसरा वार खांद्यावर बसला. "कुनाचा वकील केला तुमी? त्यो चेरमनचा वकील हाय, चेरमनला सोडवाया बसलाय! सोळा वर्सं शिकवलं तुमाला, तोटे भरभरून शिकवलं त्येनं! हे वाचाया?" मनगटावरचा तो डाग अजून आहे. लोक विचारतात तेव्हा मी खरं सांगतो, वैनीनं मारलं होतं आणि ते बरोबर होतं.

दुसरा वकील तिनंच हुडकून काढला, बाजारात मिरच्या विकणाऱ्या एका बाईकडून. निजामाच्या काळात उर्दूतून वकिली शिकलेले म्हातारे मुसलमान वकील. खोली जुन्या मिसलींनी, खटल्यांच्या कागदांनी भरलेली, खुर्ची एकच, तिच्यावर ते स्वतः. मी खाली सतरंजीवर बसलो.

"पढेलिखे हो ना तुम?" त्यांनी विचारलं.

"होय, बी.ए."

"फिर कायकू अंगूठा लगवाए?"

ते पुढं मराठीत म्हणाले, "फीचं मागनं बघू. आधी पहिल्या वकिलाची ना-हरकत आणा. नाहीतर मला उभं राहता येत न्हाय."

ना-हरकत मागायला गेलो तेव्हा त्या उंच ओट्यावर खुर्ची होती, पण कुणी बस म्हटलं नाही. "बघतो," एवढंच वकील म्हणाले. कोर्टाच्या फाटकाबाहेर चेअरमनचे दोन पुतणे उभे होते. एकानं माझे हात मागं धरले, दुसऱ्यानं तोंडावर मारलं. मारणारा शांत होता, मोजून मारत होता. "शाळंत येऊ नको उद्यापासनं," तो म्हणाला. खालचे दोन दात मी रुमालात बांधून म्हाताऱ्या वकिलांकडं परत गेलो.

त्यांनी रुमाल पाहिला, तोंडातलं पान थुंकलं. "ना-हरकत जाऊ दे. मुल्जिमाला, आरोपीला तोंड आहे का न्हाय? त्याला सांगा, साहेबापुढं स्वतः बोल."

तारखेला दादाला बेड्या घालून आणलं. पहिले वकील कबुलीचा कागद घेऊन उठले आणि दादा ओरडला. कान गेल्यापासून त्याला स्वतःचा आवाज कळत नव्हता, त्यामुळं सबंध कोर्ट हादरलं. "ह्यो वकील माझा न्हाय! माज्या वतीनं म्हाताऱ्या वकिलास्नी बोलू द्या!" शिपायानं बेडीची साखळी अशी ओढली की दादा गुडघ्यावर आपटला. तिथूनच तो परत ओरडला, "माझा न्हाय!" साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि शिपायाला झापलं. मग म्हाताऱ्या वकिलांचं वकीलपत्र घेतलं.

त्या संध्याकाळी वकील पंचनामा वाचत बसले, एकेक ओळीवर बोट ठेवून. मी तो तीनदा वाचला होता. "यारीच्या दोराला बांधलेली लाल फडक्याची पुरचुंडी, आत एक खडा. किंमत शून्य. हे काय आहे, मास्टर?"

"काही नाही. कुणीतरी चिंधी बांधली असेल," मी म्हणालो.

दाराशी बसलेली वैनी उठून आत आली. "चिंधी न्हाय ती. आमचे मालक जितके बार भरत्यात, तितके खडे मुठीत घेत्यात. येक बार वाजला की येक खडा खाली. मुठीत उरला तर येक बार मुका ऱ्हायला. त्यो खडा लाल फडक्यात बांधून दोराला टांगायचा. खडा टांगला की दुसऱ्या दिसापतोर कुनी हिरीत उतरत न्हाय. तेरखेड्याला दारूकामात व्हते तवा एका म्हाताऱ्यानं शिकवलं त्यास्नी. टोळीतलं शेंबडं पोरगं बी सांगंल."

वकिलांनी पंचनामा माझ्याकडं सरकवला. त्याच टोळीच्या कमाईवर मी शिकलो होतो. विहिरीच्या काठावर मी कधी दहा मिनिटं थांबलो नव्हतो, कपड्याला दारूचा वास लागतो म्हणून. खडा बघा, असं दादा मार खात सांगत होता.

"एक बार उडालाच न्हाय हे त्यानं खडा टांगून सांगितलं होतं," वकील म्हणाले. "पण हे कोर्टात कोण बोलणार? बायकोचं बोलणं कोण खरं धरत न्हाय. टोळीतला बोलाय पाहिजे."

टोळीतले सगळे चेअरमनच्या रोजगारावर होते. राहिला एकच, मेलेल्या पोराचा बाप. तो सरकारी साक्षीदार होता, दादाच्या विरुद्ध. मी आणि वैनी त्याच्या घरी गेलो. त्यानं पहार घेऊन मला उकिरड्यापर्यंत पळवलं. वैनी हलली नाही. "मामा, खडा व्हता का न्हवता, येवढंच सांगा." त्यानं पहार तिच्या पायाजवळ जमिनीत मारली आणि आत जाऊन दार लावलं.

साक्षीच्या दिवशी तो पिंजऱ्यात उभा राहिला. सरकारी वकिलाला सगळं शिकवल्यासारखं बोलला. मग आमचे वकील उठले, पुराव्यातली पुरचुंडी सोडली आणि तळहातावर खडा धरला.

"हे काय आहे?"

पोराचा म्हातारा बाप पुढं वाकला. "खडा."

"कुठं होता?"

"यारीच्या दोराला."

"कुणी टांगला?"

त्यानं दादाकडं बोट केलं.

"कशासाठी?"

"येक बार मुका व्हता. उतरू नका म्हनून."

कोर्टात बसलेले चेअरमन उठून उभे राहिले. वकील म्हणाले, "मग तुमचा मुलगा का उतरला?"

"चेरमन म्हनले, उद्या सकाळी इंजिनेर हिरीची खोली मोजाया येनार, येवढा कोपरा काढा. पोरगं माज्याकडं बघाया लागलं." म्हाताऱ्यानं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. "त्येनं चेरमनकडं न्हाय बघितलं, साहेब. माज्याकडं बघितलं. मी म्हनलो, उतर."

मग त्यानं कपाळ कठड्यावर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा शिपायानं धरेपर्यंत. कठड्याचं लाकूड रक्तानं ओलं झालं. साहेबांनी कामकाज थांबवलं.

दादा मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. पेटी घरात ठेवल्याबद्दल जेवढा काळ आत काढला होता तेवढीच शिक्षा झाली. चेअरमनचं काही झालं नाही. पुढच्या निवडणुकीत ते बिनविरोध आले, आणि माझी नोकरी गेली ती गेलीच.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर पोराचा म्हातारा बाप थांबला होता. हातात घणाचा दांडा. मी वैनीला मागं ओढलं. त्यानं दांडा दादापुढं धरला. "मार मला. ह्या दांड्यानंच मारलं व्हतं तुला."

दादानं दांडा घेतला नाही. त्यानं हात उगारला आणि म्हाताऱ्याच्या तोंडात अशी वाजवली की फेटा धुळीत गेला. चहाच्या गाड्यावरचे लोक उठले. मग दादा वाकला, फेटा उचलला, मांडीवर झटकला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला.

एसटीत दोघं शेजारी बसले, मी आणि वैनी मागं. म्हातारा दादाच्या उजव्या बाजूला होता. गावापर्यंत तो त्याच्याशी बोलत होता, पोराबद्दल. लहानपणी कसा होता, काय खायला मागायचा, घण पहिल्यांदा कधी उचलला. दादाच्या त्या फुटलेल्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हाताऱ्यालाही. दादा सारखी मान हलवत होता.