रूथमावशीचा खाडा

चार माणसं रोज सकाळी सहाला फोनवरून देवाशी बोलायला बसली, की त्याचं काय होत असेल ते तोच जाणे. आमच्याकडं मात्र किश्शांचा ढीग साचलाय!

आमचं प्रार्थना मंडळ फोनवरच भरतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा नियम साधा. "पाठ केलेलं नको. घरच्या माणसाशी बोलता तसं प्रभूशी रोज बोला." जो चुकेल त्याचा वहीत खाडा! वही माझ्याकडं, म्हणजे मार्थाकडं. वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर असताना मी कुणाचा खाडा सोडला नाही, इथं काय सोडणार!

पहिल्याच आठवड्यात शॉक. गुलमंडीतले कापडवाले डॅनियलभाऊ गहिवरून म्हणाले, "प्रभू, मला नम्र कर." मग म्यूट करायला विसरून बायकोवर खेकसले, "चहात साखर काय तुझा बाप टाकणार?"

पाळकसाहेब म्हणाले, "आमेन."

पुढं एकदा जागं राहून प्रार्थना करण्यावर बोलता बोलता पाळकसाहेबच घोरायला लागले! त्यांचाही खाडा मांडला. ते आठवडाभर माझ्याशी जपून बोलत होते.

पण खरं हादरवलं ते आमच्यातल्या चौथ्या, रूथमावशीनं. "सलाम देवा. आज तुझ्यावर लई चिडलेय. बारा वर्षं एकच मागतेय, माझ्या माणसाला एकदा तुझ्याशी बोलतं कर. तुला ऐकू येतंय का नाय?"

अगं बाई! देवाला असं? मी फोन कानापासून लांबच धरला.

बारा वर्षांपूर्वी लेक वारली, तेव्हापासून मावशीच्या नवऱ्यानं, शमुवेलकाकांनी देवाशी अबोला धरलेला. मावशी प्रार्थनेला बसली की ते मुद्दाम टीव्ही मोठा करायचे. मावशी त्याहून मोठ्यानं बोलायची.

एकदा देवगाव रंगारीहून येताना तिला एसटीतच सहा वाजले. मावशी तिथंच सुरू! कंडक्टर घाबरला. "मावशी, कोनाशी भांडताय?"

"मालकाशी! बारा वर्षं झाली, उत्तर नाय!"

अख्खी बस माना वळवून बघतेय. पण खाडा? एकही नाही.

गेल्या मंगळवारी मात्र सहा वाजून गेले तरी मावशी येईना. मी पेन उचललं. तेवढ्यात तिच्या नंबरावरून खोकला ऐकू आला. पुरुषाचा!

"सलाम. मी शमुवेल."

उचललेलं पेन मी खाली ठेवलं.

"रूथला पहाटं ॲडमिट केलं. तोंडाला ऑक्सिजन लावलाय, बोलता येईना तिला."

मागं टीव्ही नव्हता, कसलंसं मशीन टिकटिकत होतं.

"आज तिचा खाडा मांडू नको. तिच्या बदली मी आलोय."

मी घाईघाईनं म्हणाले, "नाही काका, नाही मांडत!"

"मार्था, तू मधी बोलू नको. मी त्याच्याशी बोलतोय."